तापलेले फाळ आणि सोन्याचा पेला

बाईने आपले चारित्र्य सिद्ध करून दाखवावे, ही मागणी अनेक देशांत, अनेक धर्मांत झालेली आहे. आपल्याकडे या विषयावर बोलायला लागले की बोलणे सीतेपाशी येऊन थांबते. मग एक वर्ग लगेच म्हणतो, "तुमचा सगळा राग आपल्याच धर्मावर!" आणि दुसरा म्हणतो, "तिकडे युरोपात बघा, बाईला केवढा मान आहे!" या दोन्ही वर्गांसाठी, आणि त्याहून अधिक आपल्या स्वतःसाठी, मी इथे जर्मनीतल्या एका चर्चमधल्या शिल्पाविषयी लिहिणार आहे. शिल्पाचा विषय आहे अग्निपरीक्षा. बाई आहे सम्राज्ञी. आणि परीक्षा घेणारा आहे तिचा नवरा, ज्याला चर्चने पुढे संत ठरवले.

युरोपातला रेनेसाँ, म्हणजे प्रबोधनाचा काळ, म्हटला की आपल्याला इटली आठवते. पण आल्प्स पर्वताच्या उत्तरेला, जर्मन भाषेच्या मुलखात, त्याच सुमारास लिंडेन झाडाच्या लाकडात आणि चुनखडीच्या दगडात फार मोठे काम झाले. त्यात उठावशिल्पांचा वाटा मोठा आहे. पाठीमागची फळी किंवा शिळा तशीच ठेवून तिच्यातून माणसे पुढे काढायची, आपल्या देवळांच्या भिंतींवर असतात तशी. चर्चमध्ये येणाऱ्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, बायकांना तर फारच थोड्या. धर्म काय सांगतो, चांगली बाई कशी असते, वाईट बाईचे काय होते, हे त्यांना प्रवचनातून आणि या कोरीव कामातून कळत असे. तेव्हा ही शिल्पे नुसती शोभेची नव्हती. ती शाळा होती. आणि शाळेत काय शिकवले गेले, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

थडग्यावरच्या पाच गोष्टी

बाम्बेर्ग हे दक्षिण जर्मनीतले जुने शहर. तिथल्या कथीड्रलमध्ये सम्राट हाइनरिष दुसरा आणि त्याची पत्नी कुनिगुंडे यांचे थडगे आहे. दोघे ११ व्या शतकातले. थडगे मात्र पाचशे वर्षांनंतरचे. १४९९ मध्ये ते घडवण्याचे काम वुर्त्सबुर्ग शहरातला नामांकित शिल्पकार टिलमान रीमेनश्नायडर याला मिळाले आणि १५१३ मध्ये ते पुरे झाले. वरच्या शिळेवर नवरा-बायको शेजारी शेजारी पहुडलेले आहेत. बाजूंवर पाच उठावशिल्पे आहेत. ती अशी:

एकात सम्राट मुतखड्याने आजारी पडून झोपला आहे आणि संत बेनेडिक्ट येऊन त्याचा खडा काढून देतो. एकात मृत्युशय्येवरचा सम्राट दरबाऱ्यांचा निरोप घेतो. एकात सम्राटाच्या आत्म्याचे वजन होते. एकात कुनिगुंडे चर्च बांधणाऱ्या मजुरांना मजुरी वाटते. आणि एकात ती तापवून लाल केलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालते.

कथा अशी सांगतात. कुनिगुंडेच्या शयनगृहातून एक पुरुष बाहेर पडताना लोकांना दिसला. तो पुरुष नव्हताच, तिची बदनामी करायला सैतानाने ते रूप घेतले होते. पण नवऱ्याच्या मनात संशय आला. मग बारा फाळ तापवण्यात आले, त्यांवरून ती चालली आणि तिच्या तळव्याला फोडसुद्धा आला नाही. नवऱ्याची खात्री पटली. गोष्ट संपली.

१३ व्या शतकात याकोबुस दे वोराजिने या धर्मगुरूने संतांच्या कथांचा एक संग्रह केला. "सुवर्णकथा" या अर्थाचे त्याचे नाव आहे आणि युरोपभर तो शतकानुशतके वाचला गेला. त्यात या कथेला आणखी एक तपशील आहे. तापलेल्या लोखंडावर पाऊल टाकताना कुनिगुंडे येशूला साक्ष ठेवून म्हणते की मला ना इतर कुणी स्पर्श केला आहे, ना या हाइनरिषने. भर लोकांत बायकोने असे बोलल्यामुळे सम्राटाला लाज वाटते आणि तो तिच्या तोंडात मारतो. हो, तोंडात मारतो. लोखंड तापलेले, बाई अनवाणी, आणि वरून ही चपराक. शिल्पात अर्थातच ही चपराक नाही. शिल्पात आहे ती घोळ हाताने उचलून धीराने पुढे जाणारी राणी.

या बाईने आयुष्यभर काय केले हेही सांगते, कारण थडग्यावर ते सापडणार नाही. १००२ मध्ये तिला राणी म्हणून आणि १०१४ मध्ये रोममध्ये सम्राज्ञी म्हणून मुकुट चढवला गेला. राजा मोहिमेवर असताना ती सॅक्सनीचा कारभार पाहत असे. बाम्बेर्ग हे गाव हाइनरिषने तिला लग्नाची भेट म्हणून दिलेले होते, आपल्या भाषेत तिचे स्त्रीधन. १००७ मध्ये तिथे बिशपचे पीठ स्थापन झाले ते या स्त्रीधनावर. तिने काउफुंगेन इथे जोगिणींचा मठ स्थापन केला. १०२४ मध्ये हाइनरिष मूल न होता वारला, तेव्हा नवा राजा निवडला जाईपर्यंत काही आठवडे राज्याची सूत्रे तिच्याच हातात होती. राजचिन्हे तिने सांभाळली आणि नव्या राजाच्या हवाली केली. त्यानंतर ती काउफुंगेनच्या मठात राहायला गेली.

एवढा कारभार केलेल्या बाईच्या वाट्याला पाचपैकी दोन शिल्पे आली. त्यांतल्या एकात तरी ती मजुरी चुकवणारी मालकीण म्हणून दिसते, हेच नशीब म्हणायचे. दुसऱ्यात ती आरोपी आहे. फाळांवरून चालण्याची कथा तिच्या हयातीतली नाही, ती १२ व्या शतकातल्या लेखनात पुढे येते. म्हणजे राज्य चालवले हे खरे घडलेले, ते दगडावर नाही. फाळांवरून चालली ही नंतर रचलेली गोष्ट, ती दगडावर कायमची.

दोघांचा हिशेब

आता आत्म्याच्या वजनाचे शिल्प पाहू. हाइनरिष मेल्यावर त्याच्या पापपुण्याचा तराजू धरला जातो. सैतान त्याच्या आत्म्यावर हक्क सांगतात. पारडे पापाकडे झुकणार असे दिसते, तेवढ्यात संत लॉरेन्स येऊन पुण्याच्या पारड्यात सोन्याचा एक पेला टाकतो. हा पेला हाइनरिषने कधीकाळी चर्चला दान दिलेला होता. पेल्याच्या वजनाने पारडे फिरते आणि सम्राट स्वर्गात जातो.

मैत्रिणींनो, एकाच थडग्यावर या दोन परीक्षा कोरलेल्या आहेत. त्या शेजारी ठेवून पाहा. बायकोची परीक्षा जिवंतपणी, भर दरबारात, उघड्या पायांनी. नवऱ्याची परीक्षा मेल्यावर, त्याच्या गैरहजेरीत, वस्तूच्या वजनावर. तिला स्वतःचे शरीर तापलेल्या लोखंडावर ठेवावे लागते. त्याच्या वतीने देणगी ठेवली तरी चालते. तिच्यावर आरोप आहे तो न केलेल्या गोष्टीचा. त्याने मात्र बायकोवर खोटा संशय घेतला, तिला आगीवरून चालवले, तिच्या तोंडात मारले, आणि या सगळ्याचा हिशेब एका पेल्यात मिटला.

तिसरे शिल्पही यात धरा. मुतखड्याने आजारी असलेल्या सम्राटाच्या दुखण्याची दखल घ्यायला साक्षात संत येतो आणि खडा काढून त्याच्या हातात ठेवतो. पुरुषाचे दुखणे हे दुखणे असते, त्यावर उपचार असतो. बाईच्या बाबतीत मात्र चमत्कार असा की तिला दुखतच नाही! आपल्या समुपदेशन केंद्रांत येणाऱ्या कितीतरी बायका सांगतात, "बाई सोसते म्हणून घर टिकते." हे वाक्य त्यांना कुणी शिकवले? सोसण्याला सौंदर्य देणाऱ्या अशाच शाळांनी शिकवले. त्यांतली एक बाम्बेर्गला आहे.

"ती तर जिंकली!"

यावर एक उत्तर हमखास येते आणि ते आपल्या बाजूच्या लोकांकडूनही येते. कुनिगुंडे ही अबला नाही, ती धीराची आहे, काही कथांत ती स्वतः होऊन परीक्षा मागते, ती जिंकते, सम्राटाला मान खाली घालायला लावते. मग तिच्याकडे सामर्थ्यवान स्त्री म्हणून का पाहू नये?

या युक्तिवादातला सापळा ओळखायला हवा. परीक्षा देणारी बाई जिंकते तेव्हा तिच्याबरोबर परीक्षाही जिंकते. कुनिगुंडे सुखरूप बाहेर आली म्हणजे फाळ खरे बोलतात हे सिद्ध झाले. मग पुढच्या बाईला नाही म्हणायची सोय उरत नाही. ती नाही म्हणाली तर लोक विचारणार, "सम्राज्ञीने केले, तुला काय हरकत आहे?" आणि तिचे पाय भाजले तर? पाय तर भाजणारच, ते लोखंड आहे. मग ती दोषी.

हा माझा कल्पनाविलास नाही. १४८६ मध्ये, म्हणजे या थडग्याचे काम सुरू होण्याच्या जेमतेम तेरा वर्षे आधी, जर्मनीत एक पुस्तक छापले गेले. लेखक हाइनरिष क्रामर हा धर्मन्यायाधीश. पुस्तकाच्या नावाचा अर्थ "चेटकिणींचा हातोडा". चेटकीण कशी ओळखावी, तिचा खटला कसा चालवावा, तिच्याकडून कबुली कशी घ्यावी याचे ते हातपुस्तक आहे. त्याच्या तिसऱ्या भागात असा प्रश्न घेतला आहे: चेटूक केल्याचा आरोप असलेल्या बाईने तापलेले लोखंड हातात धरून निर्दोष ठरण्याची संधी मागितली तर ती द्यावी काय? संधी द्यावी या बाजूने जी उदाहरणे दिली आहेत त्यांत आपली कुनिगुंडे आहे. सम्राट हाइनरिषनेही आपल्या बायकोची अशीच परीक्षा घेतली होती, असा तो दाखला. आणि निर्णय काय? संधी देऊ नये. कारण चेटकिणीला सैतान मदत करतो, तो तिचा हात भाजू देणार नाही. फ्युर्स्टेनबर्गच्या एका बाईचे उदाहरण पुढे केले आहे. तिने तापलेले लोखंड धरून ठरलेली तीन पावले चालून दाखवली, वर सहा पावले चालायची तयारी दाखवली आणि ती सुटली. क्रामरच्या मते हाच तिच्या चेटकाचा पुरावा!

म्हणजे पाहा. हात भाजला तर दोषी. नाही भाजला तर सैतानाची मैत्रीण, तरीही दोषी. राणी असली आणि नाही भाजली तर संत. परीक्षेचा निकाल परीक्षेत लागतच नाही. तो आधीच लागलेला असतो, बाई कोण आहे यावरून.

"तो काळच तसा होता"

दुसरे उत्तर अभ्यासू लोकांचे. आजची मोजमापे तेव्हाच्या माणसांना लावू नका, म्हणतात. ठीक आहे. तेव्हाचीच मोजमापे लावू.

ज्या पोपने १२०० मध्ये कुनिगुंडेला संत ठरवले तो तिसरा इनोसंट. त्याच पोपच्या अध्यक्षतेखाली १२१५ मध्ये रोमला लॅटेरानची चौथी धर्मपरिषद भरली. या परिषदेने धर्मगुरूंना अशा दिव्यपरीक्षांत भाग घ्यायला बंदी केली. तापलेल्या लोखंडाला, उकळत्या पाण्याला आता धर्मगुरूने आशीर्वाद द्यायचा नाही. त्याच सुमारास गोटफ्रीड फॉन स्ट्रासबुर्ग या कवीने आपल्या काव्यात व्यभिचारी इसोल्ड राणी शब्दांची चलाखी करून तापलेले लोखंड सहज धरते असे दाखवले आणि या परीक्षेची टरच उडवली. म्हणजे रीमेनश्नायडरच्या तीनशे वर्षे आधी खुद्द चर्चला आणि कवींना ठाऊक होते की ही परीक्षा भरवशाची नाही. तरी १५१३ मध्ये ती कथीड्रलच्या मध्यभागी, संतांच्या थडग्यावर कोरली गेली. कायद्यातून काढलेली गोष्ट पूजेत ठेवली गेली. हे काळाचे अज्ञान नव्हे. ही निवड आहे.

आणखी एक गोष्ट. शिल्पातली माणसे ११ व्या शतकातल्या पोशाखात नाहीत. सम्राट, दरबारी, बायका सगळे १५०० च्या सुमाराच्या कपड्यांत आहेत. पाहणाऱ्याने ही जुनी गोष्ट समजू नये, आपल्या शेजारघरी घडते आहे असे समजावे, हीच तर या शैलीची ताकद. मग "जुन्या काळची गोष्ट" ही पळवाट निदान या शिल्पाला तरी लागू होत नाही.

थडगे घडत होते त्याच वर्षांत, १५०७ साली, बाम्बेर्गच्या बिशपच्या राज्यासाठी नवा फौजदारी कायदा छापला गेला. त्याने दिव्याच्या जागी कबुलीला पुराव्याचा मान दिला, आणि कबुली मिळवण्यासाठी छळाला नियम घालून परवानगी दिली. चेटकाने दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्याला जाळण्याची शिक्षा त्यात आहे. पुढे १५३२ मध्ये सगळ्या साम्राज्यासाठी जो कायदा झाला, त्याचा पाया हाच. तापलेले फाळ गेले, अंगठे चिरडणारे स्क्रू आले. बाईचे शरीर हाच पुरावा, हे तत्त्व तेवढे कायम राहिले.

मग १७ वे शतक उजाडले. त्याच्या पहिल्या तीन दशकांत बाम्बेर्गच्या राज्यात चेटकाच्या आरोपाखाली सुमारे १००० माणसांचे बळी गेले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य बायका होत्या. सर्वांत भयंकर काळ १६२६ ते १६३१ चा. राज्यकर्ता होता बिशप योहान गेओर्ग फुक्स फॉन डोर्नहाइम. त्याचे आसन याच कथीड्रलमध्ये. १६२७ मध्ये त्याने आरोपींसाठी खास तुरुंग बांधला. त्याला द्रूडेनहाउस म्हणत, म्हणजे चेटकिणींचे घर. मारलेल्यांची मालमत्ता जप्त होत असे. डोरोथेआ फ्लोक ही नगरसभेच्या एका सदस्याची बायको गरोदर असताना पकडली गेली, कैदेत बाळंत झाली. तिला वाचवण्यासाठी सम्राटापर्यंत खटपट चालू असतानाच १६३० मध्ये घाईघाईने तिला ठार करण्यात आले. शहराचा एक महापौर योहानेस युनियुस यालाही या यंत्रणेने सोडले नाही. त्याच्या बायकोचा बळी आधीच गेला होता. १६२८ च्या जुलैत छळाने निकामी झालेल्या हातांनी त्याने आपल्या मुलीला, वेरोनिकाला, चोरून पत्र लिहिले. त्यात तो सांगतो की छळणाऱ्या जल्लादानेच त्याला विनवले, काहीतरी बनवून कबूल करा, नाहीतर एकामागून एक छळ चालूच राहील. त्याने बनवून कबूल केले. ऑगस्टमध्ये त्याला मारले. पत्र आजही बाम्बेर्गमध्ये जपून ठेवलेले आहे.

शिल्पामुळे या बायका मेल्या, असा सरळ हिशेब मी मांडत नाही. दुष्काळ, युद्ध, सत्तेची आणि मालमत्तेची हाव अशी अनेक कारणे त्यामागे होती. पण ज्या गावाने शंभर वर्षे कथीड्रलमध्ये गुडघे टेकून "निष्पाप बाईला आग लागत नाही" हा धडा गिरवला, त्या गावाला जळणाऱ्या बाईकडे पाहून काय वाटणार? आग लागली ना, मग ती निष्पाप नसणार!

"कलेकडे कला म्हणून पाहा"

तिसरे उत्तर रसिकांचे. वस्त्रांच्या चुण्या पाहा, म्हणतात. दगडाला मेणासारखे मऊ केले आहे, त्या चेहऱ्यावरची शांती पाहा. पाहिली. रीमेनश्नायडर मोठा कलावंत होता याबद्दल मला शंका नाही. पण त्या शांतीचे काम काय आहे, हे विचारल्याशिवाय तिची स्तुती कशी करायची? चेहऱ्यावर वेदना कोरली असती तर पाहणाऱ्याची नजर फाळ तापवणाऱ्याकडे, गोळा झालेल्या दरबाऱ्यांकडे गेली असती. चेहरा शांत कोरल्यामुळे नजर तिच्या सात्त्विकपणावर थांबते आणि नवरा आरोपीच्या पिंजऱ्यातून सुटतो. ही कलेचीच करामत आहे, म्हणून कलेलाच जाब विचारायचा.

खुद्द शिल्पकाराच्या वाट्याला काय आले तेही सांगितले पाहिजे. तो वुर्त्सबुर्गचा महापौर झाला होता. १५२५ मध्ये शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा नगरसभेने बिशपच्या बाजूने शेतकऱ्यांवर चालून जायला नकार दिला. उठाव चिरडल्यावर रीमेनश्नायडरला किल्ल्यात कोंडून त्याचा छळ केला गेला. म्हणजे जबरदस्तीच्या परीक्षेत शरीराचे काय होते, हे त्याला पुढे स्वतःच्या अंगावर कळले. थडगे मात्र तोपर्यंत पुरे होऊन बारा वर्षे झाली होती.

शिल्प फोडा, झाका, हलवा, असे माझे म्हणणे नाही. ते तिथेच असावे. पण त्याच्याविषयी लिहिताना आणि सांगताना "सम्राज्ञीचे पावित्र्य सिद्ध झाले" हे वाक्य जाऊन "सम्राटाने बायकोवर खोटा संशय घेतला" हे वाक्य यायला हवे. कर्ता बदलला की सगळी गोष्ट बदलते.

आपले फाळ

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आपल्याच शब्दकोशात डोकावू. आरोपीची अशी परीक्षा घेण्याला आपल्या धर्मशास्त्रात "दिव्य" म्हणतात. बृहस्पतीच्या नावावरच्या स्मृतीत नऊ दिव्ये सांगितली आहेत. त्यांत फालदिव्य आहे: तापवलेला नांगराचा फाळ जिभेने चाटायचा. तुलादिव्य आहे: तराजूत बसायचे. तप्तमाष आहे: उकळत्या तेलातुपातून सोन्याचा तुकडा बोटांनी काढायचा. त्यालाच मराठेशाहीत रवादिव्य म्हणत. फाळ तिथेही, फाळ इथेही. तराजू तिथेही, तराजू इथेही. कुणी कुणाची नक्कल केली म्हणायचे? नक्कल करायची गरजच नव्हती. जिथे जमीन, वारसा आणि वंश पुरुषाच्या नावाने चालतो तिथे बाईच्या शरीरावर पहारा ठेवावा लागतो, आणि पहाऱ्याला हत्यारे लागतात. शेतकऱ्याच्या घरातले हाताशी असलेले लोखंड म्हणजे फाळ.

चोरी, वतन, शिवेचे भांडण यांसाठी पुरुषांनाही दिव्य करावे लागे, हे खरे. पण बायकोला संशय आला म्हणून सम्राट फाळांवरून चालला, अशी कथा कुठल्या थडग्यावर, कुठल्या देवळावर कोरली आहे काय?

आणि हे संपले म्हणावे तर २०२१ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात नवऱ्याने संशयावरून बायकोला उकळत्या तेलातून पाच रुपयांचे नाणे काढायला लावल्याची चित्रफीत महाराष्ट्रभर फिरली. हे तर शब्दशः तप्तमाष! लग्नाच्या रात्री नवरीच्या कौमार्याची चाचणी घेणाऱ्या जातपंचायतींविरुद्ध २०१८ मध्ये त्याच समाजातल्या तरुण मुलामुलींना उभे राहावे लागले. बलात्काराच्या तक्रारीत बाईची "दोन बोटांची चाचणी" चुकीची आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, आणि २०२२ मध्ये ते पुन्हा, अधिक कडक शब्दांत सांगावे लागले. लोखंड, तेल, बोटे. साधन बदलते. पुरावा बाईच्या शरीरातूनच काढायचा, हे बदलत नाही.

म्हणून माझे म्हणणे आपल्या कामापाशी येते. कौटुंबिक हिंसेच्या तक्रारी हाताळणाऱ्या केंद्रांच्या कागदांवर एक वाक्य वारंवार आढळते: "अर्जदार महिला चारित्र्यवान असून तिच्यावरील संशय निराधार आहे." चांगल्या हेतूने लिहिलेले असते. वकील सांगतात, असे लिहिले की केस मजबूत होते. पण या वाक्याचा अर्थ काय? संशय खरा असता तर मारहाण क्षम्य होती, हाच ना? बाईची बाजू घेण्याच्या नादात आपणच फाळ तापवून देतो, आणि ती सुखरूप पलीकडे गेली म्हणून टाळ्या वाजवतो. आणि जिला तसे प्रशस्तिपत्र देता येत नाही ती कुठे जाणार? जी नवरा सोडून दुसऱ्याबरोबर राहते, जी तमाशात नाचते, जी धंदा करते, ती मार खात असेल तर तिच्या अर्जावर आपण काय लिहिणार?

हे वाक्य आपल्या कागदांतून गेले पाहिजे. अर्जावर नवऱ्याने काय केले ते लिहावे: कधी, कशाने, किती वेळा मारले, कुणी पाहिले, घरातून कधी काढले, पैसे कधी बंद केले. बाईचे चारित्र्य हा रकाना कोराच राहू द्यावा, आणि छापील नमुन्यात तो असेल तर नमुना बदलून घ्यावा. बैठकीत सासरची माणसे म्हणाली, "ती शपथ घेऊन सांगू दे," तर शपथेला नकार द्यावा. बाई स्वतः म्हणाली, "मी लेकराच्या डोक्यावर हात ठेवते," तर तिचा हात धरून सांगावे, तुला काहीही सिद्ध करायचे नाही. ज्याने हात उचलला त्याने उत्तर द्यायचे आहे.

शिबिरांत आपण सीतेच्या अग्निपरीक्षेवर चर्चा घेतो. तिच्या जोडीला बाम्बेर्गच्या थडग्याचे छायाचित्रही ठेवावे. फाळांचे आणि तराजूचे, दोन्ही शिल्पे शेजारी शेजारी. बायकांना एवढेच विचारावे: या दोघांपैकी परीक्षा कुणाची व्हायला हवी होती? उत्तर द्यायला त्यांना युरोपचा इतिहास शिकावा लागणार नाही. आणि त्या उत्तरानंतर ज्या गप्पा सुरू होतील, त्या लिहून ठेवा. आपल्या पुढच्या मोर्च्याच्या घोषणा त्यातूनच निघतील.